आफ्रिका शिकवायची कशी? ५वी ते ८वीसाठी गोष्टी, खेळ, नकाशे (मदत हवी)

पाटीपेन्सिल
मराठी माध्यमाची शाळा, वर्गात ४० मुलं. दिवाळीनंतर ३५ मिनिटांच्या सहा तासिका मिळणार आहेत, विषय 'आफ्रिकेतली संस्कृती आणि साहित्य'. प्रोजेक्टर आहे, विजेचा भरवसा नाही. झेरॉक्स काळी-पांढरी, रंगीत पानं फार तर दहा. मुलांच्या डोक्यातली आफ्रिका म्हणजे सिंह, झेब्रा, वाळवंट आणि मंडेला. इजिप्त सगळ्यांना माहीत असतं, पण ते आफ्रिकेत आहे हे नकाशा दाखवला तरी पटत नाही.

हवंय ते असं: मराठीत फुकट मिळणाऱ्या गोष्टी, हातांनी करायच्या दोन-तीन गोष्टी, ८वीला झेपेल असं खरं साहित्य, आणि काय टाळायचं ते. लिंका नकोत, नेमकं काय आणि कसं ते सांगा.

गोष्टीवेल्हाळ
आधी विषय कापा. ५४ देश आणि हजाराच्या वर भाषा सहा तासिकांत कोंबल्या की शेवटी ढोल, मुखवटे आणि झेंडे एवढंच उरतं. दोन ठिकाणं निवडा आणि तिथेच राहा. माझं मत: पश्चिमेकडून घानातले अकान लोक, पूर्वेकडून स्वाहिली भाषा बोलणारा किनारा (झांझिबार, मोंबासा). दोन्हींकडे गोष्टी भरपूर आहेत, हाताने करण्यासारखं काम आहे, आणि दुसऱ्याचा आपल्या किनाऱ्याशी जुना संबंध आहे.

फळ्याच्या कोपऱ्यात तीन रकाने कायम ठेवा: कोण, कुठे, कधी. वर्गात येणारी प्रत्येक गोष्ट, चित्र, कापड, गाणं या तीन रकान्यांत बसलंच पाहिजे. 'आफ्रिकन लोककथा' असं लिहिलेलं दिसलं की मुलांनीच ओरडायचं, 'कोणाची?' पाचवीची मुलं हे फार आवडीने करतात, आणि शिक्षकाचीही पंचाईत होते, जी व्हायलाच हवी.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. 'आफ्रिकन स्टोरीबुक' हा दक्षिण आफ्रिकेतल्या साइडे संस्थेचा प्रकल्प. त्यांची पुस्तकं मुक्त परवान्याची असल्याने बरीचशी स्टोरीवीव्हरवर आली आहेत, काही मराठीतही. भाषा मराठी लावा, पातळी १ ते ४ मधून निवडा, पीडीएफ उतरवून घ्या. ५वीला पातळी २-३ बरोबर बसते. आकडा बघून पातळी ठरवू नका, पान उघडून वाक्यं वाचा.

यात तीन खाचा आहेत. पहिली, अनुवाद स्वयंसेवकांचे असतात. काही सुरेख, काही इंग्रजीवर मराठी शब्द ठेवलेले. आधी मोठ्याने वाचा, जीभ अडखळली तर ते पुस्तक सोडा. दुसरी, गोष्ट मुळात कुठल्या भाषेतली आणि देशातली हे श्रेयनामावलीच्या पानावर असतं आणि छापताना नेमकं तेच पान गाळलं जातं. परवान्यासाठीही ते पान लागतं आणि आपल्या तीन रकान्यांसाठीही. तिसरी, रंगीत गडद चित्रं झेरॉक्सवर काळी भद्द येतात. रात्रीचे प्रसंग असलेली पुस्तकं छापायला घेऊच नका, ती पडद्यावर दाखवा.

अकानांची गोष्ट निवडायची तर अनान्सी, जाळं विणणारा कोळी. आकाशदेव न्यामेकडे जगातल्या सगळ्या गोष्टी होत्या. अनान्सीने त्यांची किंमत विचारली. न्यामेने सांगितलं: ओनिनी अजगर, ओसेबो बिबट्या, म्बोरो गांधीलमाश्या आणि म्मोआतिया ही न दिसणारी परी, चौघांना पकडून आण. प्रत्येकाला पकडायची युक्ती वेगळी, त्यामुळे नाट्यीकरणाला चार गट आयते मिळतात. अजगराची युक्ती सर्वात सोपी: 'तू या काठीपेक्षा लांब की आखूड?' असा वाद घालायचा, तो मोजायला काठीशेजारी आडवा झाला की बांधून टाकायचा. एका तासिकेत चार गटांची तयारी आणि सादरीकरण दोन्ही होत नाही. तयारी आदल्या दिवशी करून घ्या.

भूगोलवाला
गोष्टींच्या आधी नकाशा, नाहीतर सगळं हवेत. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ १४ पट आहे. भारताच्या साधारण ९ पट (सुमारे ३ कोटी चौ.किमी विरुद्ध ३२.८७ लाख).

हे सांगून कळत नाही, जमिनीवर उतरवावं लागतं. प्रमाण १ मीटर = १००० किमी. आफ्रिका उत्तर-दक्षिण सुमारे ८००० किमी, पूर्व-पश्चिम सुमारे ७४००, म्हणजे मैदानात ८ मी. × ७.४ मी. भारत ३.२ मी. × २.९ मी. आधी फक्कीने १ मीटरचे चौकोन आखा, मग नकाशावरचे चौकोन बघून किनारा काढा. चौकोन न आखता काढलेली आफ्रिका हमखास नासपतीसारखी होते आणि पश्चिमेचा फुगवटा हरवतो. भारत वेगळ्या गोणपाटावर कापून घ्या, म्हणजे उचलून आत कुठेही ठेवता येतो. सहारावर ठेवला की मुलं गप्प होतात, कारण वाळवंट तरीही भरपूर उरतं.

मैदान नसेल तर १ सेंमी = १०० किमी. आफ्रिका ८० × ७४ सेंमी, म्हणजे चार्टपेपर जोडून.

त्याच नकाशावर मग कुमासी (घाना), झांझिबार (टांझानिया), तिंबक्तू (माली), अक्सूम (इथियोपिया), कैरो (इजिप्त), लागोस (नायजेरिया) इथे मुलं उभी करा. कैरोवाला पोरगा त्या खंडातच उभा असतो, इजिप्तचा वाद तिथे मिटतो.

तिरकसराव
हे सगळं छान, पण मुलांना मजा यायला हवी ना? कागदी ताटल्यांचे मुखवटे, गालावर पट्टे, 'आफ्रिकन डे'. पालकांनाही फोटो मिळतात. प्रत्येक गोष्टीला 'कोणाची, कधी' विचारत बसलं तर मजा कुठे राहिली?

गोष्टीवेल्हाळ
@तिरकसराव, मुखवटा कोणाचा आणि कोणत्या विधीला घालतात हे माहीत नसताना ताटली रंगवणं म्हणजे दशावतार, सोंगी भजन आणि कथकली एकत्र कालवून 'इंडियन डे' करण्यासारखं. मुखवटाच हवा असेल तर एक घ्या. मालीतल्या बामाना लोकांचा चिवारा, हरणाच्या आकाराचा, शेतीशी जोडलेला. तो तोंडावर नाही, टोपीसारखा डोक्यावर बांधतात. पुठ्ठ्याचा उत्तम होतो. तोंडाला काळा रंग आणि गवताचे घागरे मात्र नकोत, यावर मी वाद घालणार नाही.

सागरगोटा
मजेसाठी ओवारे. घानातला खेळ, मंकाला (खळग्यांत बिया टाकत खेळायचे खेळ) कुळातला. कर्नाटकातला अळगुळी मणे आणि तमिळनाडूतला पल्लांगुळी याच कुळातले.

पट: ३० अंड्यांचा ट्रे ५ × ६ असतो. दोन ओळी कापल्या की ६ + ६ = १२ खळगे, म्हणजे एक पट. एका ट्रेत दोन पट आणि एक ओळ शिल्लक. ४० मुलांना २० पट, म्हणजे १० ट्रे. कागदी ट्रे वापरलेले घेऊ नका. ते धुता येत नाहीत आणि अंड्याची घाण चिकटलेली असते. दुकानदाराकडून कोरे मागा.

बिया: एका पटाला ४८, म्हणजे २० पटांना ९६०. किलोभर चिंचोके पुरतात, वर थोडे जास्त ठेवा, ते हरवतातच. मूळ खेळात ज्या बिया वापरतात त्या आपल्याकडचे सागरगोटेच, तीच वनस्पती. पण अंड्याच्या खळग्यात दहा सागरगोटे मावत नाहीत, म्हणून चिंचोके. सागरगोटे दाखवायला चार-पाच आणा.

नियम: आपल्या बाजूचे सहा खळगे आपले. सुरुवातीला प्रत्येकात ४ बिया. आपल्या एका खळग्यातल्या सगळ्या उचलायच्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं (ही पेरणी). बिया १२ किंवा जास्त असतील तर फेरी पूर्ण करताना ज्यातून उचलल्या तो खळगा वगळायचा. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडून तिथे २ किंवा ३ झाल्या तर त्या आपल्या. त्याच्या लगतच्या मागच्या खळग्यातही (तोही समोरच्याचाच असेल तर) २ किंवा ३ असतील तर त्याही, साखळी तुटेपर्यंत. समोरच्याकडे एकही बी नसेल तर त्याच्याकडे बी पोहोचेल अशीच चाल खेळावी लागते. त्याच्या सगळ्या बिया एका चालीत उचलता येत नाहीत, अशी चाल खेळली तर काहीच मिळत नाही. २५ बिया झाल्या की जिंकलं.

बिघडतं कुठे? मोबाइलवर 'मंकाला' खेळलेली मुलं दोन टोकांच्या कोठारांत बी टाकायला जातात. तो खेळ बहुधा कलाह असतो, १९४० मध्ये एका अमेरिकन माणसाने बेतलेला. ओवारेत कोठारात पेरणी नाही, जिंकलेल्या बिया बाजूला ठेवायच्या. दुसरं, मुलं ४-४ झाल्यावरही उचलतात. फळ्यावर मोठं लिहा: फक्त २ किंवा ३. पहिल्या तासिकेत साखळीचा नियम सांगूच नका, नुसती पेरणी आणि एकेका खळग्याची जीत. दुसऱ्या डावाला साखळी आणा.

नैरोबीकर
स्वाहिलीसाठी तीन गोष्टी.

कोडी. विचारणारा म्हणतो 'कितेंदाविली!' (कोडं), सगळे एका सुरात 'तेगा!' (घाल). मग:
– माझ्या घराला दार नाही. (अंडं)
– माझ्या कोंबडीने काट्यांत अंडं घातलं. (अननस)
– दोन वटवाघळं नदी ओलांडतात. (डोळे)
उत्तर आलं नाही तर विचारणारा म्हणतो 'निपे म्जी', मला गाव द्या. वर्ग गाव देतो, 'जा, सातारा घे!' मग तो साताऱ्याला जाऊन काय काय खाल्लं-पाहिलं ते ऐटीत सांगतो आणि मगच उत्तर फोडतो. ही फुशारकी हाच खरा खेळ आहे, ती गाळू नका. मात्र एका गावाला अर्धा मिनिट, नाहीतर एकच पोरगा तासिका खातो. पुढच्या दिवशी मुलांनी आजीकडून मराठी कोडी आणायची आणि 'तेगा' च्या पद्धतीने घालायची.

घड्याळ. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. ८ म्हणजे दुसरा, दुपारचे १२ म्हणजे सहावा. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून हे जमतं. पुठ्ठ्याचं घड्याळ घ्या, तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा: ७ च्या समोर १, ९ च्या समोर ३. मुलांना वाटतं तिथली घड्याळं वेगळी लावलेली असतात. तसं नाही, काटे तेच, वाचन वेगळं. इंग्रजीत बोलताना तीच माणसं आपल्यासारखी वेळ सांगतात.

गोष्ट. ही आठवीपर्यंत कुठेही चालते. १८७० साली एडवर्ड स्टीअर यांनी झांझिबारमधल्या गोष्टी स्वाहिली-इंग्रजीत छापल्या. त्यात धोब्याच्या गाढवाची गोष्ट आहे ('पुंडा वा डोबी', डोबी म्हणजे आपला धोबीच). समुद्रावर झुकलेल्या उंबराच्या जातीच्या झाडावर (म्कूयू) माकड, खाली शार्क. माकड फळं टाकतं, दोस्ती होते. शार्क त्याला पाठीवर घेऊन निघतो आणि मध्यावर सांगतो, आमचा सुलतान आजारी आहे, औषधाला माकडाचं काळीज हवं. माकड म्हणतं, अरे, ते झाडावरच राहिलं.

ओळखीची वाटते ना? पंचतंत्रातलं 'लब्धप्रणाश'. आणि फक्त माकड-मगर नाही, पोटातली दुसरी गोष्टही तशीच आली आहे: झाडाखाली वाट बघणाऱ्या शार्कला माकड गाढवाची गोष्ट सांगतं. त्या गाढवाला सिंहाकडे दोनदा नेलं जातं, दुसऱ्यांदा ते मरतं आणि नेणारा त्याचे कान आणि काळीज खाऊन टाकतो. वर सिंहाला सांगतो, 'त्याला ते असतं तर परत आलं असतं का?'

वर्गात दोन रकान्यांचा तक्ता करा: जांभूळ / म्कूयू, मगर / शार्क, मगरीची बायको / सुलतान, कोल्हा / ससा. मग विचारा, मगरीचा शार्क का झाला? झांझिबारच्या लोकांसमोर समुद्र होता म्हणून, हे उत्तर मुलंच देतात. गोष्ट तिथे गेली कशी, हा पुढचा प्रश्न. पंचतंत्र अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून गेलं होतं, आणि मोसमी वाऱ्यांवर गलबतं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून तिकडे जात-येत होती. कोणत्या वाटेने गेली यावर पैज लावू नका, दोन्ही वाटा नकाशावर काढा.

ठसठशीत
अदिंक्रा ठशांवर (कापडावर उमटवायची अकानांची चिन्हं) कुणी लिहिलं नाही म्हणून. घानात कुमासीजवळचं न्तोन्सो गाव यासाठी प्रसिद्ध. तिथे वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीत चिन्ह कोरतात, झाडाची साल उकळून आटवलेला काळा रंग लावतात. कापडावर आधी लाकडी फणीने रेघांचे चौकोन पाडतात, मग प्रत्येक चौकोनात ठसे.

वर्गात बटाटा आणू नका. बटाटा पाणी सोडतो, चौथ्या-पाचव्या ठशाला कडा फुटतात. फोमशीट कापून बाटलीच्या झाकणावर चिकटवा. फेव्हिकॉल प्लास्टिकवर धरत नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. रंग फॅब्रिकचाच घ्या, पोस्टर कलर पहिल्या धुण्यात जातो. रंगाची बाटली कधीही ठशावर ओतू द्यायची नाही. ओल्या स्पंजवर दोन चमचे रंग पसरा आणि ठसा त्यावर टेका. कापड मांजरपाट, आधी धुऊन खळ काढलेलं, ३० × ३० सेंमी. रेघांसाठी जुन्या कंगव्याचे एक सोडून एक दात मोडून घ्या.

चिन्हं चार पुरेत: सांकोफा (मागे वळून पाहणारा पक्षी: विसरलेलं परत जाऊन आणायला लाज नाही), ग्ये न्यामे (देवाचं सामर्थ्य), ड्वेन्निम्मेन (मेंढ्याची शिंगं: बळ आणि नम्रता) आणि एकच पोट असलेल्या दोन मगरी. शेवटची सगळ्यांना हवी असते आणि कापायला सर्वात अवघड असते, ती शिक्षकाने कापून ठेवावी. हे कापड मुळात अंत्यविधीला नेसायचं, हे मुलांना सांगा. 'पार्टीचं डिझाइन' म्हणून शिकवू नका.

केन्टे (घानातलं हातमागाचं कापड) करायचा मोह झाला तर कागदाच्या पट्ट्या विणा, पण लक्षात ठेवा की खरं केन्टे साधारण १० सेंमी रुंदीच्या पट्ट्या वेगवेगळ्या विणून मग शेजारी शेजारी शिवतात. एकच मोठी कागदी चटई विणली तर ते केन्टे नव्हे.

दखनी
मराठी मुलाला आफ्रिकी माणूस आधीच भेटलेला असतो, फक्त कुणी सांगत नाही. शिवकालाच्या धड्यातला जंजिऱ्याचा सिद्दी, आणि त्याआधी मलिक अंबर. इथियोपियात सुमारे १५४८ साली जन्म, गुलाम म्हणून विकला जात दख्खनला आला, निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये खडकी वसवली (आजचं छत्रपती संभाजीनगर), तिथे नहरींनी पाणी आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये मृत्यू, कबर खुलताबादला. ७वीसाठी हा एक स्वतंत्र तास होतो. सिद्दी समाज आजही उत्तर कन्नडात आणि गीरच्या परिसरात आहे, हे शेवटी जरूर सांगा, नाहीतर मुलांना वाटतं ते सगळे इतिहासात संपले.

अवांतर: गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेच्या धड्यात आफ्रिकी माणूस दिसतच नाही. फिनिक्स आश्रमापासून जवळच जॉन दुबे यांची ओहलांगे शाळा होती. दुबे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष. १९९४ मध्ये मंडेलांनी मत दिलं ते याच शाळेत.

गोष्टीवेल्हाळ
८वीचं साहित्य राहिलं. दोन सुचवतो.

एक, केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांची माणूस दोन पायांवर का चालतो याची बोधकथा. मूळ गिकुयू भाषेत, २०१६ मध्ये जलाडा या नियतकालिकाने ती कितीतरी भाषांत आणली. इंग्रजी पाठ जालावर फुकट आहे. हात आणि पाय यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून स्पर्धा लागते. दोन तासिकांत वाचून होते, आणि मुलांकडून मराठी अनुवाद करून घ्यायला सुंदर आहे: पाच गट, प्रत्येकी दोन-तीन परिच्छेद. एका गटाने 'अवयव' लिहिलं आणि दुसऱ्याने 'भाग' तर गोष्ट तुटते, म्हणून आधी दहा-बारा शब्दांची यादी फळ्यावर ठरवून घ्या.

दोन, नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांचं 'चिके अँड द रिव्हर' (१९६६). खेड्यातून ओनित्शा शहरात आलेला मुलगा, त्याला नायजर नदी बोटीने ओलांडायची आहे आणि भाड्याचे पैसे नाहीत. इंग्रजी सोपं, पुस्तक लहान. गाव, शहर, शाळा, भामटे, पैसे दामदुप्पट करणारा मांत्रिक, सगळं आहे, जंगल नाही.

पुस्तकं विकत घ्यायचीच असतील तर अमेरिकेतल्या 'चिल्ड्रन्स आफ्रिकाना बुक अवॉर्ड्स' ची यादी चाळा, हे पुरस्कार १९९१ मध्ये सुरू झाले. त्यात तपशील तपासून निवड होते. शिक्षकाने स्वतःसाठी नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांचं २००९ चं 'एकच गोष्ट' ऐकण्याच्या धोक्यावरचं भाषण ऐकावं, वीस मिनिटांच्या आत संपतं.

भूगोलवाला
रंगीत दहा पानांचं काय करायचं ते सांगतो. गॅपमाइंडरचं 'डॉलर स्ट्रीट' उघडा. जगभरातल्या घरांचे फोटो उत्पन्नाच्या क्रमाने लावलेले आहेत, मुक्त परवान्याने. 'चूल', 'दात घासायचा ब्रश', 'झोपायची जागा' असे विषय निवडा. प्रत्येक विषयात आफ्रिकेतले तीन देश आणि भारत, कमी-मध्यम-जास्त उत्पन्न. देशाचं नाव मागे लिहा आणि मुलांना ओळखू द्या. भारत घातला नाही तर सगळा तास 'बिचारे ते' याच सुरात जातो. सारख्या उत्पन्नाच्या चुली इतक्या सारख्या दिसतात की मुलं नायजेरियाची चूल बेधडक नागपूरला टाकतात.

पाटीपेन्सिल
धन्यवाद सगळ्यांना. ठरलं ते असं: १ मैदानातला नकाशा, २ अनान्सी, ३ ओवारे, ४ कोडी + घड्याळ, ५ माकड-शार्क, ६ ठसे (७वीला त्याऐवजी मलिक अंबर, ८वीला न्गुगी, त्यांचा नकाशाचा तास भूगोलाच्या बाईंकडून उसना घेऊन). स्टोरीवीव्हरची पुस्तकं घडीची छापायची आहेत, पानं उलटसुलट येतात. त्यावर कुणी?

ठसठशीत
पीडीएफ वाचकात छपाईच्या वेळी 'बुकलेट' निवडा. एकूण पानं ४ ने भागली गेली पाहिजेत. १४ असतील तर शेवटच्या पानाआधी दोन कोरी घाला, त्यावर मुलं चित्रं काढतील. पाठपोट छापताना 'शॉर्ट एज' वर उलटवा. 'लाँग एज' ठेवलं की मागचं पान उलटं येतं, तुमचं तेच होत असणार. आडव्या पानांचं पुस्तक असेल तर बुकलेटच्या फंदात पडू नका: एका ए-४ वर दोन पानं वर-खाली छापा, मधून कापा, डावीकडे दोन पिना. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा, मग चाळीस.